पान्ह्यावरचे नाव आणि पान्ह्यातले पोलाद : हातअवजारांच्या नावलौकिकाचा इतिहास #थ्रेड

१/ १८७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे जर्मनीच्या वतीने परीक्षक म्हणून गेलेले यंत्रशास्त्रज्ञ फ्रान्झ रूलो यांनी मायदेशी वृत्तपत्राला पत्रे धाडली. आपला जर्मन माल स्वस्त आणि निकृष्ट आहे, असा त्यांचा शेरा होता. या शेऱ्याने जर्मनीत मोठी खळबळ उडाली. आज त्याच देशातील रेमशाइड गावचा पान्हा जगभरच्या गॅरेजांत मानाने वापरला जातो आणि साध्या पान्ह्याच्या कित्येक पट किंमत मोजून विकत घेतला जातो.

२/ 'जर्मन म्हणजे टिकाऊ', 'चिनी म्हणजे तकलादू', 'अमेरिकन म्हणजे आयुष्यभराचा' ही वाक्ये अवजारांच्या दुकानात रोज ऐकू येतात. ती निसर्गनियमासारखी उच्चारली जातात. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येकाला जन्मतारीख आहे आणि काहींना मृत्यूची तारीखही आहे. पान्हे, सॉकेट आणि रॅचेट यांच्या नामवंत छापांची ख्याती कशी घडली, ती पोलादाशी कितपत प्रामाणिक राहिली आणि कुठे तिची पोलादापासून फारकत झाली, याचा हा धावता इतिहास.

३/ आधी पान्ह्याचे काम समजून घ्यावे. षट्कोनी नटाच्या दोन समांतर बाजू जबड्यात धरायच्या आणि दांड्यावर जोर द्यायचा, एवढेच ते काम. पण जबडा नटापेक्षा थोडा जरी सैल असला, तरी सारा जोर बाजूंवर न पडता कोपऱ्यांवर पडतो. कोपरे मरतात, नट गोल होतो, पान्हा सटकतो आणि मेकॅनिकची मूठ समोरच्या लोखंडावर आदळते. बोटांची सालटी निघणे हा या धंद्यातील सर्वांत जुना अपघात. अवजाराच्या दर्जाची चर्चा अखेर या मुठीपाशी येऊन थांबते.

४/ पान्हा तीन प्रकारे दगा देतो. पोलाद मऊ असेल तर जबडा फाकतो. पोलाद फार कठीण केले असेल तर ते ठिसूळ होते आणि जबडा काचेसारखा तुटतो. तिसरा प्रकार सावकाश घडतो : वर्षानुवर्षांच्या वापराने आतली बाजू झिजते. चांगल्या पान्ह्याला कठीणपणा आणि चिवटपणा या दोन भांडकुदळ भावंडांना एका घरात नांदवावे लागते. झेपणार नाही एवढा जोर आलाच, तर चांगला पान्हा आधी किंचित फाकून इशारा देतो. निकृष्ट पान्हा पूर्वसूचना न देता मोडतो.

५/ कारखान्यात बनलेला, नाव कोरलेला पान्हा अस्तित्वात येण्यासाठी एक पूर्वअट होती : नटांची मापे सर्वत्र सारखी हवीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आट्यांची एकसमान पद्धत मांडली; तिच्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांची आपली पद्धत मांडली. यंत्रयुगातील दोन महासत्तांचे नट येथूनच एकमेकांना अनोळखी झाले. या भांडणाची झळ पुढे मुंबई-पुण्याच्या गॅरेजांपर्यंत कशी पोहोचली, ते पुढे येईलच.

६/ मापांच्या या गोंधळावर एक उतारा म्हणजे जबडा लहानमोठा करता येणारा पान्हा. स्वीडनमधील एन्शॉपिंग येथील योहान पेटर योहान्सन (१८५३-१९४३) यांनी १८९२ साली अशा पान्ह्याच्या सुधारित रचनेचे पेटंट घेतले. बी. ए. योर्थ यांच्या कंपनीने त्याची विक्री हाती घेतली आणि त्या कंपनीच्या नावातील आद्याक्षरांवरूनच 'बाको' हा छाप जन्मला. स्क्रूची गरारी अंगठ्याने फिरवून जबडा सरकवण्याची ती रचना आजही जवळपास तशीच आहे.

७/ या पान्ह्याला कोणत्या भाषेत काय म्हणतात, ते पाहण्यासारखे आहे. फ्रेंच आणि इटालियन माणसे त्याला 'इंग्लिश किल्ली' म्हणतात, पोलिश लोक 'फ्रेंच किल्ली' म्हणतात, तर डॅनिश लोक 'स्वीडिश किल्ली'. प्रत्येकाने अवजारासोबत त्याचा कल्पित मायदेशही स्वीकारला. अमेरिकेत तर 'क्रेसेंट' हा शब्दच या पान्ह्याला रूढ झाला, कारण १९०७ साली न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन येथे कार्ल पीटरसन या स्वीडिश स्थलांतरिताने काढलेल्या क्रेसेंट टूल कंपनीने तो घरोघरी पोहोचवला. छापाचे नाव वस्तूचे नाव झाले, ही ख्यातीची परमावधी.

८/ आता जर्मनीकडे. रेमशाइड, झोलिंगेन आणि वुपर्टाल या परिसरातील ओढ्यांवर पाणचक्कीच्या जोरावर चालणारे घण शतकानुशतके लोखंड घडवीत होते. श्टालविले (१८६२), हाझेट (१८६८), क्निपेक्स (१८८२) आणि गेडोरे (१९१९) या आजच्या मातब्बर नावांचा उगम याच टापूत आहे. हाझेट म्हणजे संस्थापक हेरमान झेर्फर यांच्या आद्याक्षरांचा जर्मन उच्चार. गेडोरे म्हणजे 'रेमशाइडचे डोविडाट बंधू' यांचे संक्षिप्त रूप.

९/ याच टापूतला स्वस्त माल इंग्लंडच्या बाजारात शेफील्डच्या खुणा मिरवीत विकला जातो, अशी इंग्रज कारखानदारांची तक्रार होती. १८८७ साली ब्रिटिश संसदेने व्यापारचिन्हांचा कायदा केला आणि परदेशी मालावर मूळ देशाचे नाव छापणे भाग पडले. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे त्या काळी ग्राहकाला सावध करण्यासाठी होती. पुढील दोन-तीन दशकांत माल इतका सुधारला की तोच इशारा शिफारस ठरला. कायद्याने लावलेला कलंक कारखानदारांनी कुंकवासारखा मिरवला.

१०/ हे परिवर्तन केवळ कष्टाळू स्वभावाने झाले नाही. तांत्रिक शिक्षण, रसायनशास्त्राशी जोडलेले पोलादकाम आणि मापांची शिस्त या तीन गोष्टी त्यामागे होत्या. १९१७ साली जर्मनीत राष्ट्रीय प्रमाणसंस्था उभी राहिली आणि तिची 'डिन' मानके हातअवजारांनाही लागू झाली. जबडा किती रुंद असावा, त्यात किती सूट चालेल, पान्ह्याने किती पीळ सोसला पाहिजे, हे कागदावर आले. त्यामुळे 'चांगला पान्हा' हे मत न राहता तपासता येणारे विधान झाले.

११/ दरम्यान मोटारगाडी आली आणि तिने पोलादच बदलले. १९०८ सालच्या फोर्डच्या मॉडेल-टी गाडीत व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरले गेले आणि त्याची मोठी जाहिरात झाली. १९२०च्या दशकात हेच मिश्रधातूचे तंत्र पान्ह्यांत उतरले. जुने कार्बन पोलादाचे पान्हे ताकदीसाठी जाडजूड करावे लागत. क्रोम-व्हॅनेडियमचे पान्हे सडपातळ असूनही अधिक जोर सोसू लागले. इंजिनाच्या अडचणीच्या जागी सडपातळपणा हीच मोठी सोय होती.

१२/ जर्मन कारखान्यांत रुळलेल्या क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या एका जातीत सुमारे ०.३ टक्के कार्बन, अर्ध्या टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि जेमतेम ०.१ टक्का व्हॅनेडियम असते. क्रोमियममुळे पोलाद आतपर्यंत कठीण होते. व्हॅनेडियमची चिमूट त्याचे कण बारीक ठेवते, म्हणून चिवटपणा टिकतो. आमटीत हिंग किती असते, तेवढाच हा प्रकार. पण नसले तर लगेच कळते.

१३/ मात्र पोलाद उत्तम असून भागत नाही. ते तापवून, साच्यात घणाखाली घडवावे लागते. अशा घडाईत धातूचे तंतू पान्ह्याच्या आकाराबरोबर वळतात. मग येते ती पायरी, जिला लोहार 'पाणी देणे' म्हणतो. लालभडक पोलाद तेलात वा पाण्यात बुडवून कठीण करायचे आणि पुन्हा बेताच्या आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा. या दुसऱ्या आचेत थोडी जरी कसर राहिली, तरी अव्वल पोलादाचा पान्हाही मोडका निघतो. दांड्यावर 'क्रोम-व्हॅनेडियम' कोरणे सोपे असते. भट्टीची आच कोरून दाखवता येत नाही.

१४/ अमेरिकेत या काळात विक्रीच्या दोन अगदी निराळ्या वाटा तयार झाल्या. १९२० साली मिलवॉकी येथे जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सायडमन यांनी 'स्नॅप-ऑन' कंपनी काढली. त्यांची युक्ती साधी होती : पाच दांडे आणि दहा सॉकेट वेगवेगळे विकायचे; हवे ते सॉकेट हव्या त्या दांड्यावर चढवले की पन्नास पान्ह्यांचे काम होते. जॉन्सन ज्या कंपनीत नोकरीला होते, तिने ही कल्पना आधी नाकारली होती.

१५/ स्नॅप-ऑनने दुकानांवर भिस्त ठेवली नाही. विक्रेता थेट गॅरेजमध्ये जाऊन अवजार चालवून दाखवी. पुढे मालाने भरलेली गाडी घेऊन ठरावीक दिवशी फेरी मारण्याची आणि हप्त्याने पैसे घेण्याची पद्धत रुजली. अमेरिकेत मेकॅनिकने स्वतःची अवजारे स्वतः विकत घेण्याची प्रथा आहे. त्यामुळे या नावाच्या किमतीत पोलादाबरोबरच दारात येणारी सेवा आणि उधारीची सोयही सामावलेली असते. तरुण कामगाराच्या पगारातून दर आठवड्याला जाणारा हप्ता हाही या टिकाऊपणाच्या हिशेबाचा भाग आहे.

१६/ दुसरी वाट सीअर्स या दुकानसाखळीची. १९२७ साली तिने 'क्राफ्ट्समन' हे नाव एका लहान अवजार कंपनीकडून अवघ्या ५०० डॉलर्सना विकत घेतले. तिचा ग्राहक व्यावसायिक मेकॅनिक तर होताच, शिवाय शेतकरी आणि घरच्या घरी गाडी दुरुस्त करणारा गृहस्थही होता. त्याला तिने एक वचन दिले : हातअवजार मोडले तर दुकानात आणा आणि बदली नवे घेऊन जा. पावती मागितली जात नसे. या वचनाने क्राफ्ट्समन हे नाव अमेरिकी मध्यमवर्गाच्या घराघरात पोहोचले.

१७/ आजन्म हमीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. अवजार मोडणार नाही, असे ती सांगत नाही. मोडल्यास भुर्दंड कोणी सोसायचा, एवढेच सांगते. कारखानदार थोड्या बदल्यांचा खर्च आधीच किमतीत धरतो आणि बहुसंख्य ग्राहक बदली मागायला येतच नाहीत. शिवाय चालू कामात पान्हा मोडला, तर नवा पान्हा फुकट मिळतो; वाया गेलेला दिवस आणि सोललेली बोटे मात्र परत मिळत नाहीत. तरीही ही हमी निरर्थक नव्हती. जो कारखाना सतत मोडणारा माल बनवील, त्याचे ती दिवाळे काढील, हा धाक तिच्यात होता.

१८/ आणखी एक गोष्ट फार थोड्या ग्राहकांना ठाऊक होती. सीअर्स अवजारे बनवतच नव्हती. मूर ड्रॉप फोर्जिंगसारखे कारखाने ती बनवून देत आणि पान्ह्यावर क्राफ्ट्समन नावाशेजारी 'व्ही' सारखे एखादे अक्षर असे, तीच खऱ्या कर्त्याची खूण. जुन्या अवजारांचे संग्राहक आज नाव बाजूला ठेवून आधी हे बारीक अक्षर शोधतात. एकाच नावाखाली वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या भट्ट्यांचा माल विकला गेला. तेव्हा 'क्राफ्ट्समन चांगले की वाईट' या प्रश्नाला 'कोणत्या सालचे?' हाच प्रतिप्रश्न योग्य ठरतो.

१९/ नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचे, याचे सर्वांत बोलके उदाहरण पीटर रॉबर्ट्स यांचे. सीअर्सच्या दुकानात नोकरी करणाऱ्या या अठरा वर्षांच्या तरुणाने बटण दाबताच सॉकेट सुटेल असे रॅचेट बनवले. १९६५ साली त्याला पेटंट मिळाले. कंपनीने नगामागे दोन सेंट आणि एकूण १० हजार डॉलर्सच्या मर्यादेत हक्क घेतले. रॅचेट मात्र लाखोंनी खपले. फसवणुकीच्या दाव्यात ज्यूरीने रॉबर्ट्स यांच्या बाजूने कौल दिला आणि १९७८ साली अपील न्यायालयाने तो उचलून धरला. अखेरची तडजोड १९८९ साली ८२ लाख डॉलर्सवर झाली. तोवर तो अठरा वर्षांचा मुलगा चाळिशी ओलांडून गेला होता.

२०/ चकाकीचा भ्रम दुसऱ्या महायुद्धाने उघडा पाडला. क्रोमियम आणि निकेल लष्करी गरजांसाठी राखले गेले, तेव्हा अमेरिकी कारखान्यांनी मुलामा न देता काळपट अवजारे बाजारात आणली. लॉस एंजेलिसच्या प्लॉम्ब कंपनीने तर अशा मालावर 'वॉर फिनिश' या अर्थाची दोन अक्षरे छापली. त्यांतील कित्येक पान्हे आजही कामाचे आहेत. मुलामा गंजापासून वाचवतो आणि पुसायला सोपा जातो. जोर सोसतो तो खालचा धातू. निकृष्ट मुलाम्याचे पोपडे निघाले तर त्यांच्या धारदार कडा हातच कापतात.

२१/ याच प्लॉम्बची पुढची कथा नावांच्या अस्थिरतेची आहे. फिलाडेल्फियाच्या प्लम नावाच्या जुन्या अवजार कंपनीने नामसाधर्म्यावरून दावा लावला आणि प्लॉम्बला नाव सोडावे लागले. १९४८पासून तीच अवजारे 'प्रोटो' या नावाने विकली जाऊ लागली. पोलाद तेच, कामगार तेच, भट्टी तीच; बदलले फक्त नाव. नाव कायम राहून बाकी सारे बदलण्याचे उलटे उदाहरण थोड्याच वेळात येईल.

२२/ आकाराच्या अभ्यासानेही टिकाऊपणा वाढवला. १९६०च्या दशकात स्नॅप-ऑनने सॉकेटच्या आतील कोपऱ्यांना अशी गोलाई दिली की जोर नटाच्या कोपऱ्यावर न पडता बाजूच्या सपाट भागावर पडावा. नट गोल होण्याचे प्रमाण घटले, आणि पेटंटची मुदत सरल्यावर ही रचना जगभर पसरली. एके काळी महागड्या अवजाराला वेगळेपण देणारी युक्ती आज साध्या सॉकेट संचातही आढळते. महाग आणि मध्यम यांतील अंतर दर पिढीला असेच कमी होत आले आहे.

२३/ जपानची वाटचाल जर्मनीची आठवण करून देते. महायुद्धानंतर 'मेड इन जपान' ही अक्षरे पाश्चात्त्य बाजारात थट्टेचा विषय होती. १९५७ साली जपानने निर्यात मालाच्या तपासणीचा कायदा केला. कोकेन (१९४६) आणि क्योटो टूल (१९५०) या कंपन्या देशी मोटार-उद्योगाच्या कडक मागण्यांबरोबर वाढल्या. आज त्यांची सॉकेट आणि रॅचेट जर्मन मालाच्या पंगतीला बसतात. तैवानही त्याच वाटेने वर आला. 'चिनी म्हणजे तकलादू' हे विधान या साखळीतले सर्वांत ताजे वाक्य आहे. आधीच्या वाक्यांचे काय झाले, ते वर आलेच आहे.

२४/ आता भारत आणि महाराष्ट्र. स्वातंत्र्याच्या आसपास येथील गॅरेजांत तीन मापे एकत्र नांदत होती. ब्रिटिश मोटारसायकली आणि यंत्रे व्हिटवर्थच्या मापाची. जीप आणि कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळणाऱ्या क्रायस्लर गटाच्या गाड्या अमेरिकी इंचांच्या. त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट आणि पुढे आकुर्डीला बनू लागलेली बजाजची स्कूटर मिलिमीटरची. १९५६च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली, पण जुनी यंत्रे कायद्याने बदलत नसतात.

२५/ याचा परिणाम आकड्यांत पाहावा. व्हिटवर्थच्या पान्ह्यावर नटाच्या रुंदीऐवजी बोल्टचा व्यास लिहिलेला असे. त्यामुळे '१/४' लिहिलेल्या पान्ह्याचा जबडा प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटर रुंद. अमेरिकी अर्ध्या इंचाचा पान्हा १२.७ मिलिमीटरचा. मेट्रिक नट १३चा. व्हिटवर्थचा पान्हा त्या १३च्या नटावर बसतो खरा, पण सैल. जोर पडला की कोपरे मरतात. अशा वेळी दोष 'पान्हा हलका आहे' म्हणून छापावर ढकलला जातो. वस्तुतः भांडण १८४१ आणि १८६४ सालच्या दोन कागदांचे असते.

२६/ देशी उत्पादन उभे राहिले ते परदेशी तंत्राचा हात धरून. नाशिकच्या तापडिया टूल्सने १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले. झालानी समूहाने जर्मनीच्या गेडोरेशी सहकार्य केले. म्हणजे स्वीडन आणि जर्मनी या दोन्ही परंपरा भारतीय गॅरेजच्या पेटीत शेजारी शेजारी आल्या. दुसरीकडे पंजाबात जालंधर आणि लुधियाना येथे लहान-मध्यम कारखान्यांची दाट वस्ती वाढली. १९६३ साली निर्यात मालाच्या गुणवत्ता-तपासणीचा कायदा झाला आणि १९८३ साली जालंधरला हातअवजारांची केंद्रीय संस्था स्थापन झाली. रूलो यांच्या शेऱ्यानंतर जर्मनीने जे केले, त्याचीच ही भारतीय आवृत्ती.

२७/ आता ते उलटे उदाहरण : नाव कायम, बाकी सारे बदललेले. १९९९ साली स्वीडनचे बाको अमेरिकेच्या स्नॅप-ऑनच्या मालकीचे झाले. २००६ साली फ्रान्सचे फाकोम स्टॅन्लेकडे गेले. प्रोटो तर आधीच तिकडे गेले होते. क्राफ्ट्समनचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर आशियात हलले. २०१७ साली सीअर्सने ते नाव स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकरला विकले. सौद्याचे मोल सुमारे ९० कोटी डॉलर्स. ५०० डॉलर्सना घेतलेल्या एका शब्दाची नव्वद वर्षांनंतरची ही किंमत. पुढच्याच वर्षी सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

२८/ नव्या मालकाने क्राफ्ट्समनचे पान्हे पुन्हा अमेरिकेत घडवण्यासाठी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे स्वयंचलित यंत्रांचा कारखाना जाहीर केला, तो २०१९ साली. २०२३ साली तो बंद करण्याची घोषणा झाली. पैसा, नाव आणि यंत्रे हाताशी असूनही साधा पान्हा पुरेशा स्वस्तात घडवणे साधले नाही. घडाई आणि पाणी देणे यांचे ज्ञान माणसांच्या हातांत आणि पुरवठादारांच्या जाळ्यात साठते. ते एकदा पांगले की नाव विकत घेऊन परत येत नाही.

२९/ मग छापांची तुलना करावी तरी कशी? पान्ह्यावर काय कोरले आहे, ते आधी वाचावे. पोलादाची जात, डिन, आयएसओ किंवा आयएस मानकाचा क्रमांक, निर्मात्याची खूण आणि बनावटीचा देश या चारही गोष्टी असतील, तर कोणीतरी जबाबदारी घेतली आहे. नुसते 'क्रोम-व्हॅनेडियम' आणि मोठ्या अक्षरांतले इंग्रजी नाव असेल, तर ती केवळ जाहिरात. जबडा नव्या नटावर बसवून हलवून पाहावा. हिसका जितका कमी, तितका माल सरस. वजनावर जाऊ नये. जाडजूड पान्हा पुष्कळदा कमकुवत पोलादाची भरपाई असतो.

३०/ खर्च कुठे करावा, याचेही उत्तर याच इतिहासात आहे. रोज हाती येणारी १०, १२, १३, १४, १७ अशी मापे आणि रॅचेट यांवर पैसे घालावेत. रॅचेटमध्ये ७२ दात असतील तर ५ अंशांच्या हालचालीत पुढचा दात मिळतो, ३६ असतील तर १० अंश लागतात. मात्र दात जितके बारीक, तितकी त्यांच्या घडाईची आणि पाणी देण्याची कसोटी कडक. म्हणून स्वस्त रॅचेटमध्ये जाड दातांचे अधिक भरवशाचे. वर्षातून एकदा लागणाऱ्या मापांसाठी साधा मानकयुक्त देशी पान्हा पुरेसा आहे.

३१/ आणि सरकत्या जबड्याचा पान्हा कोणत्याही नामवंत छापाचा असला, तरी आवळून बसलेल्या नटावर तो शेवटचा उपाय. सरकण्यासाठी ठेवलेली फट हीच त्याची दुर्बलता आहे. योहान्सन यांची प्रतिभाही ती फट मिटवू शकली नाही. तो वापरावाच लागला, तर ओढण्याचा जोर स्थिर जबड्यावर येईल असा धरावा. बोटे वाचवण्याचा हा उपाय फुकट आहे.

३२/ रूलो यांचा शेरा जर्मनीला कडू लागला, पण तो वस्तू पाहून मारलेला शेरा होता. देशाभिमान आणि छापाचे नाव बाजूला ठेवून त्यांनी समोरचा माल तपासला. दीडशे वर्षांत नावे विकली गेली, बदलली, सीमा ओलांडून गेली. जबड्याची फट, पोलादाची जात आणि भट्टीची आच यांचे नियम मात्र तेच राहिले. नाशिकचा पान्हा असो की रेमशाइडचा, नटावर बसताना त्याला आपले गाव सांगता येत नाही. तो घट्ट बसतो किंवा सैल बसतो, एवढेच मेकॅनिकच्या मुठीला कळते.

(समाप्त)